समुद्राच्या कडेनं, सावकाश

पोस्टकार्ड आलं त्या दिवशी मी शिकवत होते त्या शाळेला अर्धी सुट्टी होती. मी दुपारीच घरी आले, तर अम्मी चुलीपुढं तसंच हातात कार्ड धरून बसलेली. भाकरी तव्यावर करपत होती आणि तिला वास येत नव्हता. तिला उर्दू अक्षरं लागत, पण हातानं लिहिलेलं वाचता येत नसे. अक्षर कुणाचं हे मात्र तिनं ओळखलं होतं.

चार ओळी होत्या. मी बरा आहे, समुद्राच्या काठी इंजिनांची कामं करतो, अम्मीला सलाम, बहिणीला दुवा. अब्बांचं नाव नव्हतं. पत्ता नव्हता. पोस्टाचा शिक्का पावसात भिजल्यासारखा पसरला होता आणि त्यातली शेवटची तीन इंग्रजी अक्षरं तेवढी वाचता येत होती: जी, ए, डी. म्हणजे गड.

भाईजान घर सोडून गेल्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. संस्थान विलीन होण्याआधी अब्बा तालुकदारसाहेबांची, म्हणजे निजामाच्या कलेक्टरांची, मोटार चालवायचे. विलीनीकरणानंतर साहेब गेले, मोटार गेली आणि अब्बांनी धाराशिवच्या मोटारस्टँडाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये दुरुस्तीचं काम सुरू केलं. भाईजान त्यांच्या हाताखाली तयार झाला. वीस वर्षांचा असताना एकदा तो दुरुस्तीला आलेली एका वकिलांची मोटार न विचारता घेऊन गेला. दोस्तांना रामलिंगचं देऊळ दाखवायचं होतं. येडशीच्या घाटात वळणावर मोटार उलटली. कुणाला लागलं नाही, पण मोटार गेली. अब्बांनी त्याला मोटारस्टँडावर, शंभर माणसांसमोर, पायातला जोडा काढून मारलं आणि म्हणाले, "पुन्हा मला तोंड दाखवू नकोस." भाईजाननं ते शब्दशः ऐकलं. घरी आलाच नाही. येडशी स्टेशनवर त्याला छोट्या गाडीत बसताना कुणीतरी पाहिलं, मिरजेच्या बाजूला तोंड करून.

घरात आम्ही दखनी बोलायचो. इथं मी सगळं मराठीत लिहिते आहे, पण अब्बांचा "हौ" आणि "नक्को" काही मला मराठीत आणता येत नाही.

त्या संध्याकाळी अब्बांनी कार्ड हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा लांब धरलं, उलटं करून शिक्का पाहिला आणि परत अम्मीच्या पुढ्यात ठेवलं. जेवले. पान लावलं. मग मला म्हणाले, "बेटी, तुमच्या शाळेत नकाशा असेल ना, समुद्राच्या बाजूचा?"

"आहे."

"आपण कुणीच समुद्र पाहिला नाही. मी म्हणतो, एकदा मोटारीनं जाऊन यावं. कडेकडेनं. घाई काही नाही. एकेका बंदरावर दोन-दोन दिवस राहू, हवा खाऊ."

अम्मीनं त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता ती म्हणेल की सरळ बोला, मुलाला शोधायला जायचंय म्हणा. ती म्हणाली, "बरी आहे हौस. मलाही म्हणे समुद्राची हवा मानवेल."

तिथून पुढं सात महिने आमच्या घरात त्याला सहलच म्हणत असत. भाईजानचं नाव त्या बेतात कधी निघालं नाही. अब्बांना ते घेता येत नव्हतं आणि आम्हां दोघींना त्यांच्या तोंडून काढता येत नव्हतं.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेल्याला तेव्हा वर्ष झालं होतं, आणि तिकडच्या भागातून बदली होऊन आलेली माणसं गावात दिसू लागली होती. आमच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला रत्नागिरीकडच्या एक बाई आल्या होत्या. मी त्यांना मधल्या सुट्टीत नकाशापुढं उभं केलं आणि विचारलं, शेवटी गड असलेली गावं समुद्रावर कोणकोणती?

"जयगड आहे. देवगड आहे. मंडणगड म्हणशील तर ते आत आहे, पण बाणकोटची खाडी काही फार लांब नाही. का गं?"

"सहलीला जायचंय. मोटारीनं, समुद्राच्या कडेनं."

बाई हसल्या. "अगं, तिथं कडेनं रस्ताच नाही. दर दहा-पंधरा मैलांवर खाडी आडवी येते. माणसं तरीतून जातात. मोटार असली तर दोन होड्या शेजारी बांधून वर फळ्या टाकतात, तिला जंगल म्हणतात, तिच्यावर चढवायची. तीही भरती बघून. नाहीतर मग पार आत घाटाखालच्या रस्त्याला येऊन पुन्हा समुद्राकडं उतरायचं. आणि मे संपायच्या आत परत फिरा. पाऊस लागला की होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि सगळं बंद."

त्यांनी मला एका वहीत रस्ते काढून दिले. सुरूची बनं कुठं आहेत, दीपस्तंभ कुठं, पांढरी वाळू कुठं, सूर्य मावळताना कुठं उभं राहावं, हेही लिहिलं. त्यांना खरंच वाटलं होतं की आम्ही हौशी माणसं आहोत. ती वही मी रोज दिवेलागणीला अब्बांना वाचून दाखवायचे. ते ऐकत आणि फक्त एवढंच विचारत, "तिथं बंदर किती मोठं आहे? इंजिनाच्या होड्या असतात का?" मी म्हणे, बाईंनी ते लिहिलेलं नाही. "विचार उद्या."

मी विचारी. बाईंना नवल वाटे. "तुझ्या वडिलांना इंजिनांचं भारी वेड दिसतं," असं त्या एकदा म्हणाल्या आणि मी हो म्हटलं. त्या दिवशी त्यांना खरं सांगावं असं फार वाटलं होतं. पण अब्बा ज्याला सहल म्हणत होते त्याला मी वर्गाबाहेरच्या ओट्यावर दुसरं नाव द्यायला तयार नव्हते.

एसटीनं का जात नव्हतो, असं कुणी विचारील. अम्मीचे पाय सुजायचे, तिला फर्लांगभरसुद्धा चालवत नसे. आणि तिला घरी ठेवून जाणं शक्य नव्हतं, ती राहिलीच नसती. शिवाय बाईंच्या म्हणण्याप्रमाणं बंदरापर्यंत एसटी सगळीकडं जात नव्हती. अब्बा म्हणत, "बस तिच्या वेळेला निघते. आपल्याला कुठं किती थांबावं लागेल, कुणाला ठाऊक."

मोटार मिळाली ती सास्तूरच्या एका मोठ्या शेतकऱ्याकडं. संस्थानाच्या काळात त्यांनी हौसेनं घेतलेली, अब्बांनी पूर्वी एकदोनदा दुरुस्त केलेली. पाच वर्षं ती कडब्याच्या गंजीशेजारी उभी होती. अब्बा मला बरोबर घेऊन गेले. शेतकरी बाजेवर बसले होते. त्यांनी बसायला घोंगडं टाकलं, चहा सांगितला आणि अब्बांचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं.

"न्या की मियाँभाई. कोंबड्या बसत्यात तिच्यात. चालू करून घ्या, हिंडा, आणि परत आणून द्या. मला तर ती आता बैल जुपल्याबिगर हलंल असं वाटत न्हाय." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "कुठं जायचं म्हन्ता?"

"समुद्रावर. सहलीला."

शेतकऱ्यांना भाईजानची गोष्ट ठाऊक होती. सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होती, जोडा मारताना शंभर माणसं होती. त्यांनी मान हलवली. "जावा. चांगलं हाय. जाऊन या."

अब्बा आठ दिवस सास्तूरला राहिले आणि मोटार चालवत घेऊन आले. ती आमच्या गल्लीत शिरली तेव्हा अम्मी दारात येऊन उभी राहिली, सुजलेल्या पायांनी. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे खरंच घडेल.

त्यानंतर आठच दिवसांनी मला कळलं की अब्बांना दिसत नाही.

आम्ही दोघं मोटारीचा आवाज ऐकायला म्हणून येडशीच्या रस्त्यानं निघालो होतो. डावीकडच्या गाडीवाटेनं एक बैलगाडी रस्त्यावर येत होती. मला ती पन्नास पावलांवरून दिसली. अब्बांचा पाय जागचा हलला नाही. मी ओरडले, त्यांनी मोटार उजवीकडं घातली, आणि बैलाचं शिंग डाव्या मडगार्डवरून घासत गेलं. गाडीवान खाली उतरला. "दिसतंय का न्हाय, मियाँ? येवढं मोठं जनावर हाय."

अब्बांनी माफी मागितली. गाडीवान बैलाच्या मानेवरून हात फिरवत निघून गेला. अब्बा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले.

"अब्बा, तुम्हाला गाडी दिसली नाही?"

"समोरचं दिसतं. बाजूचं गेलं. नळीतून बघितल्यासारखं दिसतं मला." ते अगदी हळू बोलत होते. "सोलापूरच्या डॉक्टरला दाखवलंय. डोळ्याची नस वाळत चालली म्हणाला. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. हा काचबिंदू. गेलं ते येत नाही, आहे ते वर्षभर, फार तर दीड वर्ष."

"केव्हा दाखवलंत?"

"कार्ड यायच्या आधी."

मग मला कार्ड आल्यापासूनची ती सगळी घाई कळली. घाई नाही, घाई नाही असं म्हणत ते रोज मोटारीखाली पडून असायचे, नटबोल्ट बोटांनी चाचपून लावायचे. मला वाटायचं, जुन्या कारागिराची ही सवय असेल. ते म्हणाले, "अम्मीला सांगू नकोस." आणि मग, माझ्याकडं न बघता, "तू शीक. दुसरं कुणी नाही."

मी एकवीस वर्षांची होते. शाळेत नोकरी लागल्यापासून बुरखा घेत नव्हते, नुसता पदर घ्यायचे, त्यावरूनच मोहल्ल्यात बोलणं झालेलं होतं. पण अब्बांच्या त्या आवाजाला नाही म्हणणं मला सुचलंसुद्धा नाही.

आधी गावाबाहेरच्या माळावर, मग तुळजापूरच्या पुढं तामलवाडीच्या सरळ रस्त्यावर ते मला घेऊन जात. स्टिअरिंग इतकं जड की घरी आल्यावर मला भाकरी थापता येत नसे. हॅण्डल मारताना मनगटाला एकदा असा झटका बसला की आठवडाभर फळ्यावर डाव्या हातानं लिहीत होते. गिअर बदलताना त्याचे दात कटकटा वाजत आणि अब्बा शेजारी बसून डोळे मिटून म्हणत, "ऐक. इंजिन तुला सांगतं. अजून नाही. अजून नाही. आता." ते शिकवताना चिडत नसत. भाईजानला शिकवताना ते कसे ओरडायचे ते मला आठवे. कदाचित त्यांनाही आठवत असावं.

एके दुपारी मोहल्ल्यातले तीन बुजुर्ग घरी आले. पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले. मग त्यातले एक म्हणाले, "जवान मुलगी रस्त्यावर मोटार फिरवते. लोक उभं राहून बघतात. आपल्याला शोभतं का हे?"

अब्बा म्हणाले, "तुमच्यापैकी कुणी चालवणार असेल तर सांगा. मी उद्यापासून तिला उतरवतो. कोकणात जायचंय."

पहिल्यानं पाण्याचा पेला उगीच पुन्हा उचलला.

"कोकणात काय आहे?" दुसऱ्यानं विचारलं.

"समुद्र आहे," अब्बा म्हणाले.

आतून अम्मीच्या बांगड्या वाजल्या. ती दाराआड उभी होती. माणसं उठली. जाताना सगळ्यांत म्हाताऱ्यानं अब्बांच्या खांद्यावर हात ठेवला आणि "अल्ला मदत करो" म्हणाला. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

मार्चअखेर मला लायसन्स मिळालं. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मला स्टँडपासून कचेरीपर्यंत आणि परत मोटार चालवायला लावली आणि सारा वेळ दाराची मूठ घट्ट धरून ठेवली. मेच्या पहिल्या तारखेला निघायचं ठरलं, शाळेला सुट्टी लागली की लगेच. अम्मीनं शेंगदाण्याची चटणी कुटली, कडक भाकऱ्या वाळवल्या, सातूचं पीठ करून घेतलं. ती पीठ डब्यात भरताना मी बघत होते. ते तीन माणसांना महिनाभर पुरून उरलं असतं.

"एवढं कशाला?"

"तिकडं नुसते मासे खातात म्हणे. परत येताना लागेल."

परत येताना आम्ही चार जण असू, हे तिनं पिठात मोजलं होतं. मी डब्याचं झाकण लावलं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, शेवटचा एकदा लांबचा फेरा म्हणून अब्बा आणि मी सोलापूरकडं निघालो. तामलवाडीच्या अलीकडं मागच्या चाकातून काडकन आवाज आला आणि मोटार थांबली. इंजिन चालू होतं, गिअर पडत होता, मोटार जागची हलत नव्हती. अब्बा खाली गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या हातात काही नव्हतं, हात नुसते काळे होते.

"मागचा दांडा तुटला. चाक फिरवणारा. हा आता कुठं मिळायचा नाही."

रस्त्याच्या कडेला बाभळीखाली ते खाली बसले. ऊन डोक्यावर होतं. मी माणसाला इतकं एकदम म्हातारं होताना पाहिलेलं नव्हतं. त्यांनी मातीत हात पुसले, मग तेच हात तोंडावर घेतले.

"संपलं," ते म्हणाले. "पाऊस लागेल. मग दिवाळी. तोवर मला काय दिसणार? समोर आणून उभा केला तरी ओळखणार नाही मी त्याला."

मला वाटलं, आता तरी ते नाव घेतील. घेतलं नाही. मी त्यांच्याशेजारी बसले. तेव्हा मला त्यांचा रागही आला होता, तो इथं लपवायचं कारण नाही. चार वर्षांत कधीही ते मिरजेला जाऊ शकले असते. कार्ड येईपर्यंत, डोळे जाईपर्यंत ते थांबले. मी हे बोलले नाही. पण माझ्या मनात ते होतं आणि त्या बाभळीखाली मी त्यांचा हात धरला नाही.

तामलवाडीच्या एका शेतकऱ्यानं बैल जुंपून मोटार गावात ओढत नेली. त्याच्या घरातल्या बाईंनी आम्हाला ताक दिलं. "लेकीला घिऊन कुठं निगाला व्हता?" तिनं अब्बांना विचारलं. अब्बा ताकाकडं बघत राहिले, तेव्हा तिनं मला विचारलं. मी म्हणाले, "माझा भाऊ हरवलाय, मावशी. त्याला शोधायला." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते शब्द कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडले होते. अब्बांनी ताकाचा पेला खाली ठेवला. ती बाई म्हणाली, "घावंल. घावंल गं," आणि अब्बांच्या पेल्यात आणखी ताक ओतलं.

मोडका दांडा घेऊन अब्बा सोलापूरला गेले. भंगार बाजार पालथा घातला. शेवटी एका लेथवाल्यानं जुन्या ट्रकच्या दांड्यातून नवा कातून द्यायचं कबूल केलं, पण त्याच्या वेळेनं. अब्बा त्याच्या दारात बसून राहिले, तिथंच ओट्यावर झोपले. सतरा दिवस गेले. घरी अम्मी रोज आभाळाकडं बघायची. एका संध्याकाळी वळवाची सर आली, गल्लीतली पोरं नाचली, आणि अम्मी आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. मी तिला म्हणाले, हा तो पाऊस नव्हे. ती म्हणाली, "मला माहीत आहे. तरी तो थांबव."

आम्ही निघालो तेव्हा मेचा तिसरा आठवडा संपत आला होता. वहीतला निवांतपणा सगळा गेला होता. सोलापूर, मिरज, कोल्हापूर, तीन दिवस मी चालवत होते, अब्बा शेजारी, अम्मी मागं उश्यांना टेकून. आंबा घाट उतरताना अब्बांनी डोळे मिटून घेतले आणि इंजिनाच्या आवाजावरून मला गिअर सांगत राहिले. खाली उतरलो तेव्हा मी मोटार बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवरचे हात सोडले.

समुद्र आम्ही पहिल्यांदा रत्नागिरीत पाहिला. मी थोडी थांबले. मला वाटलं, कुणीतरी काहीतरी म्हणेल. अम्मीनं विचारलं, "जयगड कुठल्या बाजूला?"

जयगडला दीड दिवस. अब्बा बंदरावर जाऊन विचारत, "इथं इंजिनाची कामं कोण करतं? आमच्या मोटारीचं थोडं काम आहे." कुणी नाव सांगे, आम्ही तिथं जात असू, माणूस भलताच निघे. अब्बा मोटारीबद्दल काहीतरी खोटं विचारत आणि आभार मानून परतत. दुसऱ्या दिवशी जेट्टीवरच्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं की मोगलाईतला कुणी पोरगा इथं कधी नव्हता. निजामाच्या मुलखाला ते लोक अजून मोगलाई म्हणत. मंडणगडची वाट फार लांबची, उलट दिशेची होती आणि वारा फिरला होता. आम्ही देवगड धरलं.

वाटेत एका खाडीवर मोटार फळ्यांच्या जंगलावर चढवायची होती. होडीवाला तांडेल म्हणाला, परवापासून बंद, आजची शेवटची भरती. दोन फळ्यांवरून मी मोटार चढवली. खालून पाणी दिसत होतं. अम्मी होडीत उतरून बसली नाही, मोटारीतच बसून राहिली आणि दुवा म्हणत होती.

देवगडच्या बंदराला लागून एक पत्र्याची शेड होती, आमच्यासारखीच, तेलानं काळी. आत पन्नाशीचे एक मिस्त्री लाँचचं इंजिन उघडून बसले होते. अब्बांनी आपलं नेहमीचं वाक्य सुरू केलं. मिस्त्री हात पुसत उभे राहिले, त्यांनी अब्बांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही मोगलाईतले काय?"

अब्बांचं वाक्य अर्धंच राहिलं.

"इथं एक होता तिकडचा. दोन मोसम माझ्याकडं होता. कपाळ अगदी तुमच्यासारखं. हात चांगला होता त्याचा. दिवाळीनंतर एका लाँचबरोबर मुंबईला गेला. पत्ता नाही ठेवून गेला."

"मी त्याचा बाप आहे," अब्बा म्हणाले. मग तेच पुन्हा म्हणाले, थोडं मोठ्यानं, जणू मिस्त्रींना ऐकू आलं नसावं. "मी त्याचा बाप. मी त्याला मारलं होतं. लोकांसमोर."

मिस्त्रींनी त्यांना स्टुलावर बसवलं. काम करणारी माणसं थांबली होती, त्यांना हातानं जायला सांगितलं. म्हणाले, "तो सांगायचा. पण वाईट नाही सांगायचा. वकिलाची गाडी मी घालवली, बापाची पत गेली, असं म्हणायचा. मी म्हटलं, लिही घरी. तेव्हा त्यानं कार्ड टाकलं."

ते कार्ड आम्हाला मिळालं तेव्हाच तो तिथून निघून गेला होता. सात महिने आम्ही ज्या शेडकडं येत होतो ती त्याच्यासाठी मागं पडली होती. मी बाहेर मोटारीपाशी जाऊन अम्मीला सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "जेवायचा कुठं?" मी परत जाऊन मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, माझ्याच घरी. मी ते अम्मीला येऊन सांगितलं. मग ती रडली.

मिस्त्रींनी निरोप पोचवायचं कबूल केलं, मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक लाँचबरोबर. आम्ही दुसऱ्या दिवशी परत फिरलो. घाट चढताना पावसानं गाठलं. पुढं दरड आल्यामुळं गाड्या थांबल्या होत्या. काचेवरून पाणी ओघळत होतं, आणि मागून अम्मीचा आवाज आला.

"तुम्ही त्याला मारलंत, तेव्हा शेजारचं पोर मला बोलवायला आलं होतं. मी म्हटलं, मारू दे, अक्कल येईल. मी गेले नाही."

अब्बांनी मान वळवली नाही. थोड्या वेळानं त्यांनी हात मागं नेला आणि सीटच्या पाठीवरून तिथं तसाच धरून ठेवला. तिनं तो घेतला की नाही मला माहीत नाही, मी समोर बघत होते.

मोटार आम्ही पावसाळ्यातच सास्तूरला परत केली. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत अब्बांचे डोळे पूर्ण गेले. शेड बंद झाली.

भाईजान आला तो आणखी दोन वर्षांनी, ईदच्या आधी. निरोप त्याला उशिरा मिळाला होता, की मिळूनही तो उशिरा निघाला, ते त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. अम्मीनं त्याला दारातच धरलं. अब्बा खाटेवरून उठले, भिंतीला हात लावत पुढं आले आणि म्हणाले, "कोणत्या इंजिनावर आहेस हल्ली?" नऊ दिवस ते दोघं इंजिनांबद्दल बोलले, डिझेल, पिस्टन, खाऱ्या पाण्यानं सडणारे पाइप. जोड्याबद्दल नाही, कार्डाबद्दल नाही. दहाव्या दिवशी तो मुंबईला परत गेला. त्यानंतर दरवर्षी एकदा यायचा, कधी दोन वर्षांनी.

तो गेला त्या संध्याकाळी अब्बांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "आता कसा दिसतो तो?"

मी सांगायला लागले. केस मागं सारतो, थोडा काळवंडलाय, एवढं म्हणाले आणि थांबले. नऊ दिवस मी त्याला जेवायला वाढलं होतं, त्याचे कपडे धुतले होते, आणि त्याच्याकडं नीट पाहिलंच नव्हतं. मी त्याच्यावर रागावले होते, किती ते मला तेव्हाच कळलं. अब्बा वाट बघत होते. मग मला येईल ते, काही खरं आणि काही मनाचं, मी त्यांना सांगत राहिले.